न खपलेल्या गाड्यांची श्रीमंती

१९६४ साली टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावाच्या हायस्कूलला एक शर्यतीची गाडी देणगी मिळाली. दोन वर्षं दमून पळालेली, नव्या गाड्यांपुढे मागे पडलेली. मोटार दुरुस्तीच्या तासाला मुलांनी बॉनेट उघडून हात काळे करावेत, एवढाच तिचा उपयोग उरला होता. १९७२ मध्ये शाळेने ती साडेसहा हजार डॉलरना विकून टाकली. घेणाऱ्याने ओहायोत नेऊन ती ट्रेलरवर चढवली आणि शेतात उघड्यावर उभी केली. पुढची पंधराएक वर्षं तिने ऊन, पाऊस आणि बर्फ खाल्लं.

ती फेरारी २५० जीटीओ होती. १९६२ ते १९६४ या काळात अशा फक्त ३६ गाड्या बनल्या (चार लिटर इंजिनाच्या तीन धरल्या तर ३९). अमेरिकेत नवी गाडी साधारण साडेअठरा हजार डॉलरना पडायची. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या लिलावात यांपैकी एक ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. रुपयांत मांडायचं तर १९६२ च्या दराने ८८ हजारांची वस्तू २०१८ च्या दराने ३३९ कोटींची झाली.

या आकड्यांपुढे थोडं थांबू. छप्पन्न वर्षांत किंमत २,६०० पट झाली. वार्षिक चक्रवाढ काढली तर दर येतो १५ टक्के, म्हणजे ऐकायला फारसा अचाट नाही. चमत्कार आहे तो छप्पन्न वर्षं तोच दर टिकण्यात. त्याच साडेअठरा हजार डॉलरचं १९६२ मध्ये ३५ डॉलर औंस या सरकारी दराने सोनं घेतलं असतं, तर साडेसोळा किलो मिळालं असतं आणि २०१८ मध्ये त्याचे सव्वासहा लाख डॉलर झाले असते. (अमेरिकन माणसाला तेव्हा सोन्याच्या विटा घरात ठेवायला कायद्याने बंदी होती, हा भाग वेगळा.) गाडीने सोन्याला पाऊणशे पटींनी मागे टाकलं. आणखी एक हिशेब. ही गाडी टनाहून हलकी, पण आपण टनभर धरू. तरी ग्रॅममागे ४८ डॉलर पडतात. त्या महिन्यात सोनं ग्रॅमला ३९ डॉलरच्याही खाली होतं. म्हणजे तिचं ॲल्युमिनियमचं अंग, टायर, काचा आणि सीटखालची धूळ, सगळं मिळून सोन्याहून महाग.

याच्याही वरचा आकडा आहे. मर्सिडीजने १९५५ मध्ये ३०० एसएलआर ‘उलेनहाउट कूपे’ नावाच्या फक्त दोन गाड्या बनवल्या. त्यांतली एक मे २०२२ मध्ये स्टुटगार्टच्या कंपनी संग्रहालयात लिलावाला ठेवली, आणि ती साडेतेरा कोटी युरोंना गेली. म्हणजे सुमारे ११०० कोटी रुपये. आलेले पैसे कंपनीने शिष्यवृत्तीच्या निधीसाठी वळवले. आजवर कुठल्याही मोटारीला यापेक्षा जास्त किंमत आल्याची नोंद नाही.

असे आकडे वाचले की कुणाच्याही डोक्यात येतं, स्पोर्ट्स कार ही जमिनीसारखी गोष्ट दिसते, घेऊन ठेवावी. इथेच माणूस फसतो. ज्या गाड्या मेल्या त्या लिलावात येत नाहीत. भंगारात गेलेल्या, जळालेल्या, चेसिस कुजलेल्या हजारो गाड्यांचे आकडे कोणी छापत नाही. तेव्हा आता चारचौघांच्या गाडीचा घसारा पाहू.

अमेरिकेतल्या आयसीकार्स या संस्थेने २०२५ मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराची पाहणी केली. पाच वर्षांत सरासरी मोटारीची किंमत सुमारे ४६ टक्क्यांनी उतरते, असं त्यात दिसलं. पोर्शे ९११ उतरली सुमारे २० टक्के. सगळ्या यादीत सर्वांत कमी. त्याच पोर्शे कंपनीची, त्याच श्रीमंत गिऱ्हाइकासाठी बनलेली विजेवरची टायकॅन उतरली सुमारे ६० टक्के. एकच बिल्ला, एकच शोरूम, कदाचित सेल्समनही एकच, आणि शंभर रुपयांतले एका गाडीकडे ऐंशी उरले, दुसरीकडे चाळीस. वेगाने भाव टिकत असता तर टायकॅन जिंकायला हवी होती. तिच्या वरच्या मॉडेलांपुढे साधी ९११ सिग्नलवरून निघतानाच मागे पडते.

फरक कशात आहे? १९६४ सालची ९११ आणि आजची ९११ शेजारी उभी केली तर लहान मूलही सांगेल की दोघी एकाच घरातल्या. मे २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हाही इंजिन मागच्या चाकांच्याही मागेच होतं. त्यामुळे नवी ९११ आल्याने जुनी हास्यास्पद दिसत नाही. टायकॅनचं तसं नाही. तिची बॅटरी आणि सॉफ्टवेअर झपाट्याने पुढे सरकतं, आणि मागची गाडी जुन्या मोबाइलच्या रांगेत जाऊन बसते.

बाकीच्या स्पोर्ट्स गाड्यांचा भाव इतक्या वेगाने का पडतो, याचं उत्तर मात्र गॅरेजमध्ये मिळतं. खरेदीची किंमत घसरत जाते, देखभालीची किंमत घसरत नाही. फेरारी एफ ३५५ घ्या. १९९४ ते १९९९ मधली देखणी गाडी. तिचा टायमिंग बेल्ट दर तीन ते पाच वर्षांनी बदलावा लागतो आणि त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. गाडी चालवा वा न चालवा, रबर म्हातारं होतंच. दुसऱ्या मालकाने ती अर्ध्या किमतीत घेतली म्हणून मेकॅनिक अर्ध्या पैशांत इंजिन उतरवत नाही. तिसरा मालक बेल्टची वेळ पुढे ढकलतो. चौथा ती विकायला काढतो आणि जाहिरातीत लिहितो, ‘थोडं काम आहे’. जाणकार माणूस ते तीन शब्द वाचून पान उलटतो.

बुगाटी वेरॉन तर या जातीची कळसाची. दहा वर्षांत ४५० बनल्या, किंमत दहा लाख युरोंच्या वर. ताशी ४०७ किलोमीटरच्या वेगाने पळवली तर शंभर लिटरची टाकी बारा मिनिटांत रिकामी होते, आणि त्या वेगाला तिचे टायर पंधराएक मिनिटंच तगतात असं सांगतात. म्हणजे पेट्रोल आधी संपतं हीच सुरक्षिततेची व्यवस्था. अशा गाडीला पांढरा हत्ती म्हणणंही कमी पडेल. हत्ती निदान गवतावर जगतो.

कमी गाड्या बनवल्या की भाव टिकतो, असं सरसकट मानलं जातं आणि ते निम्मं खरं आहे. बाजार मागेल त्यापेक्षा एक गाडी कमी बनवायची, हे धोरण एन्झो फेरारी यांच्या नावावर सांगितलं जातं, आणि कंपनी ते आजही पाळते. २०२४ मध्ये फेरारीने जगभरात १३,७५२ गाड्या गिऱ्हाइकांच्या हाती दिल्या. टोयोटा समूहाच्या त्या वर्षीच्या विक्रीच्या वेगाने हा आकडा अर्ध्या दिवसात गाठला जातो. तरी सगळ्याच फेरारी तेजीत नाहीत, आणि काही कमी बनलेल्या गाड्या वर्षानुवर्षं मातीमोल भावाने पडून होत्या. माझ्या मते खरा प्रश्न किती बनल्या हा नाही. का कमी बनल्या, तो आहे. कंपनीने ठरवून कमी बनवलेली गाडी वेगळी आणि गिऱ्हाइकांनी पाठ फिरवल्यामुळे कमी बनलेली गाडी वेगळी. मोठ्या भावाच्या यादीत दुसऱ्या जातीच्या गाड्या आश्चर्य वाटावं इतक्या भेटतात.

प्लिमथ सुपरबर्ड पाहा. १९७० साली अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींसाठी ही बनली. समोर गरुडाच्या चोचीसारखं लांब नाक आणि मागे पुरुषभर उंचीचा वाटावा असा पंख. शर्यतीच्या नियमासाठी १,९०० हून अधिक गाड्या रस्त्यावर विकणं भाग होतं. किंमत ४,२९८ डॉलर. लोक बघून हसत आणि शेजारची साधी गाडी घेऊन जात. कित्येक सुपरबर्ड डीलरच्या अंगणात दोन-दोन वर्षं पडून राहिल्या. काही डीलरनी कंटाळून नाक आणि पंख काढून टाकले, नेहमीचं तोंड बसवलं आणि साधी रोडरनर म्हणून गाडी खपवली. जानेवारी २०२२ मध्ये हेमी इंजिनाची एक सुपरबर्ड साडेसोळा लाख डॉलरना विकली गेली. तो पंख काढणाऱ्या डीलरने स्क्रू-ड्रायव्हरने नेमके किती लाख उडवले, याचा हिशेब त्याच्या नातवंडांनी करावा.

प्लिमथचीच हेमी कुडा कन्व्हर्टिबल. १९७१ साली फक्त अकराएक बनल्या, कारण दणकट इंजिनाच्या गाड्यांचे विम्याचे हप्ते इतके वाढले होते की तरुण गिऱ्हाइकाला ते झेपेनात. दोनच वर्षांनी तेलसंकट आलं आणि अशा गाड्या कुणाला फुकटही नकोशा झाल्या. २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात एकीला ३५ लाख डॉलर आले.

लेक्सस एलएफए ही आपल्या पिढीतली गोष्ट. ४.८ लिटरचं व्ही-१० इंजिन आयडलिंगवरून मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांवर ०.६ सेकंदात जातं. काट्याचा मीटर तेवढ्या वेगाने फिरू शकेना म्हणून डिजिटल लावावा लागला. डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२ या दोन वर्षांत बरोबर ५०० बनवल्या, अमेरिकेतली किंमत पावणेचार लाख डॉलर. लोक म्हणाले, एवढ्या पैशांत टोयोटाच्या घरची गाडी कोण घेतं? उत्पादन थांबून पाच वर्षं झाली तरी अमेरिकेतल्या डीलरांकडे डझनभर कोऱ्या एलएफए उभ्या होत्या. आता चांगल्या एलएफएला दहा लाख डॉलरच्या आसपास भाव येतो.

आणि मॅकलॅरन एफ १. आज तिला विसाव्या शतकातली सर्वश्रेष्ठ गाडी म्हणतात, पण १९९४ साली ती खपत नव्हती. युरोपात मंदी होती आणि किंमत कर धरून सहा लाख पौंडांच्या वर. कंपनीच्या मनात तीनशेचा आकडा होता. १९९८ ला दुकान बंद केलं तेव्हा शर्यतीच्या आणि चाचणीच्या धरून १०६ झाल्या होत्या, त्यांतल्या नेहमीच्या रस्त्यावरच्या ६४. ऑगस्ट २०२१ मध्ये जेमतेम ३९० किलोमीटर चाललेली एक एफ १ पेबल बीचला २ कोटी ४ लाख डॉलरच्या वर गेली.

कोरी ठेवली म्हणून भाव आला, असं कुणी म्हणेल. त्यावर उत्तर आहे मिस्टर बीन. ती भूमिका करणारे रोअन ॲटकिन्सन यांनी १९९७ मध्ये सुमारे ६ लाख ४० हजार पौंडांना एफ १ घेतली आणि ती खरोखर चालवली, ४१ हजार मैल, म्हणजे ६६ हजार किलोमीटर. दोनदा ठोकलीही. २०११ च्या अपघातानंतर दुरुस्तीचं बिल नऊ लाख पौंडांच्या वर गेलं, ते विमा कंपनीने भरलं. गाडीच्या मूळ किमतीपेक्षा दुरुस्ती महाग! २०१५ मध्ये त्यांनी ती ८० लाख पौंडांना विकली. प्रत्येक किलोमीटरमागे १११ पौंड हाती आले, त्या वेळच्या दराने पावणेअकरा हजार रुपये. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे एकदा पार करावा आणि दहा लाख रुपये मिळावेत, असा तो प्रवास. टोलची चिंता कोण करतो!

भागांच्याही बाबतीत हाच उलटा न्याय चालतो. फेरारी ५९९ जीटीबी निघाली तेव्हा सगळ्यांना बटणाचा नवा गिअरबॉक्स हवा होता. हाताने गिअर टाकायचा जुना प्रकार अवघ्या तीसेक जणांनी मागितला. आज त्या तीसांना बाकीच्यांच्या कैक पट किंमत मिळते.

आता दुसरी बाजू. जी गाडी जन्मायच्या आधीच ‘गुंतवणूक’ म्हणून विकली गेली, तिचं काय होतं? जॅग्वार एक्सजे २२० ब्रिटनच्या मोटार प्रदर्शनात १९८८ मध्ये लोकांसमोर आली तेव्हा तेजी शिगेला होती. ५० हजार पौंड अनामत भरून नंबर लावायला श्रीमंतांची झुंबड उडाली. पुष्कळांना गाडी चालवायचीच नव्हती. रांगेतली जागा विकायची होती. १९९२ मध्ये गाडी हाती येईपर्यंत सांगितलेलं व्ही-१२ इंजिन जाऊन व्ही-६ आलं, किंमत ४ लाख ७० हजार पौंडांवर गेली आणि तेजीची मंदी झाली. गिऱ्हाईक करारातून सुटायला कोर्टाची पायरी चढले. ठरवलेल्या ३५० ऐवजी पावणेतीनशेच्या आसपास गाड्या बनवून कंपनीने हात टेकले. १९९७ मध्येही काही कोऱ्या गाड्या उरल्या होत्या, त्या सव्वा लाख पौंडांच्या आसपास काढल्या. एक किलोमीटरही न चालता पाच वर्षांत जवळजवळ तीन चतुर्थांश किंमत गळाली. आज चांगल्या एक्सजे २२० ला चार-पाच लाख पौंड मिळतात. तीस वर्षांची महागाई धरली तर पहिला मालक अजूनही बुडीतच आहे.

ज्या जीटीओने सोन्याला हरवलं, तिलाही त्या मंदीने सोडलं नाही. १४ ऑगस्ट १९८८ रोजी एन्झो फेरारी वारले आणि त्यांच्या गाड्यांवर उड्या पडल्या. जपानमध्ये तेव्हा पैसा वाहत होता. १९८९ मध्ये एक जीटीओ सव्वा कोटी डॉलरच्या वर गेली. पाचच वर्षांत तशाच गाडीला तीस लाख डॉलर मिळायची मारामार झाली. फेरारीच्याच एफ ४० ची गत तीच. चारेक लाख डॉलरची गाडी १९९० च्या सुमारास दहा लाखांना विकली जात होती आणि काही वर्षांत मूळ किमतीच्याही खाली आली. आज ती पंचवीस लाखांच्या पुढे आहे. वरच्या टोकाला घेतलेल्याने नफा बघायला वीस वर्षं वाट पाहिली असेल, तीही त्याचं कर्ज आणि त्याची प्रकृती तेवढी टिकली तर.

कंपन्यांनाही हे सट्टेबाज खुपतात. फोर्डने नव्या जीटीच्या विक्री करारातच दोन वर्षं विकायची नाही अशी अट घातली आणि कुस्तीगीर जॉन सीना यांनी लगेच विकली म्हणून २०१७ मध्ये त्यांच्यावर दावा ठोकला; पुढे तडजोड झाली. पोर्शेची युक्ती अधिक गोड. २०१६ च्या ९११ आर या ९९१ गाड्यांच्या मर्यादित आवृत्तीचे भाव काळ्या बाजारासारखे फुगले, तेव्हा कंपनीने पुढच्याच वर्षी जवळपास तसलीच, हाताने गिअर टाकायची, पंख नसलेली जीटी ३ टूरिंग काढली, आणि तिच्या संख्येला मर्यादाच ठेवली नाही. आरचे भाव धाडकन खाली आले. कोर्टकचेरी न करता.

सरकारी तारखाही भाव ठरवतात. अमेरिकेत पंचवीस वर्षं जुनी परदेशी गाडी सुरक्षेच्या बहुतेक नियमांतून सुटते आणि आयात करता येते. त्यामुळे निस्सान स्कायलाइन जीटी-आर आर ३४ च्या १९९९ च्या गाड्यांवर २०२४ च्या कॅलेंडरकडे डोळे लावून वर्षानुवर्षं सौदे झाले. आपल्याकडे तारखेचा अर्थ उलटा. दिल्ली परिसरात पेट्रोल गाडीला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आली, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. २०२५ मध्ये न्यायालयानेच सक्तीच्या कारवाईला आवर घातला, पण तोवर उत्तम स्थितीतल्या कित्येक महागड्या गाड्या मिळेल त्या भावात परराज्यांत गेल्या होत्या. जगभर स्पोर्ट्स कारचा भाव ज्या वयात तळाला टेकून वर वळू लागतो, नेमक्या त्याच वयात दिल्लीत तिचा दाखला फाटायचा.

आणि भारतातल्या किमतीत गाडी असते किती? २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर महाग आयात मोटारीवर ७० टक्के सीमाशुल्क आणि ४० टक्के उपकर, एकूण ११०. सप्टेंबर २०२५ पासून वर ४० टक्के जीएसटी. गोदीत शंभर रुपयांना उतरलेली गाडी डीलरचा एक रुपया नफा न धरता २९४ रुपयांची होते. मग आरटीओचा कर. म्हणजे दोन तृतीयांश रक्कम सरकारजमा आणि तिचा घसारा पूर्णपणे सरकारच्या हातात. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला. ठरावीक संख्येच्या ब्रिटिश गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर येणार आहे. तो दिवस उजाडेल तेव्हा पूर्ण शुल्क भरून आणलेल्या ॲस्टन मार्टिन आणि मॅकलॅरनचे मालक काय म्हणतील ते छापण्याजोगं नसेल.

मराठी माणसाला हा जकातीचा हिशेब एकदा फार जवळून पाहायला मिळाला होता. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केली, म्हणून फियाटने फेरारी ३६० मोडेना भेट दिली. मायकेल शूमाकरच्या हस्ते, सिल्व्हरस्टोनला. गाडीची किंमत ७५ लाख रुपये, शुल्क १ कोटी १३ लाख. सरकारने शुल्क माफ केलं, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी रक्कम फियाटने भरली. २०११ मध्ये सचिनने ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली आणि पुढच्या वर्षी ती ‘फेरारी की सवारी’त पडद्यावर दिसली.

तेव्हा हौस असेल आणि ऐपतही असेल, तर स्पोर्ट्स कार जरूर घ्या, पण तिसऱ्या हाताची घ्या. घसाऱ्याचा मोठा घास आधीच्या दोघांनी गिळलेला असतो. सर्व्हिसची झाडून सगळी बिलं बघा, इंजिन आणि चेसिसचे नंबर आरसीशी ताडून पाहा, बेल्ट कधी बदलला ते लेखी घ्या. घेतलीत की चालवा. आणि गुंतवणूकच करायची असेल, तर म्युच्युअल फंडाचा जो माणूस रोज दुपारी फोन करतो, त्याचा फोन एकदा उचला.